सोरायसिसचा संधिवात : पहिली दोन वर्षे निर्णायक

गणपतीचे विसर्जन झाले की नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांमध्ये छाटणीची लगबग सुरू होते. दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांत सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे कात्रीचे दिवस. छाटणीमागून काड्यांना पेस्ट लावणे, मग फेलफूट काढणे, घडांची विरळणी, डिपिंग असे एकामागून एक काम येते आणि पुढचे काही महिने सारी बाग बोटांच्या टोकांवर उभी असते. अशा दिवसांत एखाद्याचे बोट सुजले, तर ते कात्रीमुळे सुजले असावे असे घरातील सर्वांनाच वाटते. नखांवर बारीक खळगे दिसले, तर दोष फवारणीच्या औषधाकडे जातो. कोपरावरील पांढरट खवल्यांची चकती तर दहा वर्षांपासूनच असते. तिच्याकडे आता कोणाचे लक्षही नसते.

या तीन तक्रारी घेऊन रुग्ण तीन वेगवेगळ्या दारांत जातो. बोटासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे, नखासाठी गावातील दवाखान्यात आणि चकतीसाठी, गेलाच तर, त्वचारोगतज्ज्ञांकडे. प्रत्येक ठिकाणी त्या-त्या तक्रारीपुरते औषध मिळते. या तिन्ही खुणा एकाच रोगाच्या असू शकतात, हे मात्र कोणी एकत्र बसून पाहत नाही. त्या रोगाचे नाव सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजेच सोरायसिसचा संधिवात. हा रोग पुढे दहा-वीस वर्षांत कोणते वळण घेईल, याचा बराचसा निर्णय त्याच्या पहिल्या दोन वर्षांतच होतो. गेल्या दोन-तीन दशकांत निरनिराळ्या देशांतील दीर्घ पाहण्यांनी हेच पुन:पुन्हा दाखवून दिले आहे.

एकच रोग, दोन चेहरे

सोरायसिस हा संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वत:च्याच पेशींविरुद्ध चाळवली गेल्याने त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी झपाट्याने तयार होऊ लागतात आणि चंदेरी खवल्यांचे थर साचतात. ग्रामीण भागात आजही त्याला इसब किंवा गजकर्ण समजून मलमे लावली जातात. हाच दाह काही रुग्णांत सांध्यांकडे वळतो.

सुमारे ७० टक्के रुग्णांत आधी त्वचेवर सोरायसिस दिसतो आणि सरासरी दहा वर्षांनी सांधे धरतात. १५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत दोन्ही एकदमच सुरू होतात. उरलेल्यांत सांध्यांचे दुखणे आधी येते आणि त्वचेवरील खुणा मागाहून. निदानाच्या दृष्टीने हा गट सर्वांत अवघड. पाश्चात्त्य देशांत सोरायसिसच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी हा संधिवात होतो, असे मानले जाते. भारतातील आकडे याहून कमी आहेत. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने ११४९ सोरायसिसग्रस्तांची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे ९ टक्के रुग्णांत संधिवात आढळला. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, त्यांच्यापैकी बहुसंख्य रुग्णांचे निदान त्या पाहणीतच प्रथम झाले. ते त्वचेचे उपचार घेत होते आणि सांध्यांचे दुखणे मुकाट्याने सोसत होते.

आमवातापेक्षा हा रोग वेगळा आहे. आमवातात दाहाचे मुख्य ठिकाण सांध्याच्या आतील अस्तर असते. येथे अस्तराबरोबरच कंडरा आणि अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतात, त्या जागांनाही सूज येते. टाचेच्या मागे, तळपायाला, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे हे त्यामुळेच. कित्येकदा एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सगळेच फुगते, कारण सांधा, कंडरा आणि भोवतालचा मऊ भाग या सर्वांना एकाच वेळी दाह होतो. असे फुगलेले बोट ही या रोगाची ठळक खूण मानली जाते.

नखांचे कोडेही असेच उलगडते. बोटाच्या शेवटच्या पेराचा सांधा सरळ करणारी कंडरा हाडाला जिथे जोडलेली असते, तिचे तंतू थेट नखाच्या मुळापर्यंत पोहोचतात. म्हणून त्या जागी दाह झाला की नखही बिघडते. त्यावर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात, नख खालून सुटते, त्याखाली तेलाच्या थेंबासारखा पिवळट डाग दिसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने सुमारे १६०० सोरायसिसग्रस्तांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यानुसार नखे बिघडलेल्या रुग्णांत संधिवाताची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. डोक्याच्या त्वचेवर आणि नितंबांच्या घडीत सोरायसिस असणाऱ्यांतही ती वाढलेली आढळली.

कष्टाच्या हातांचा प्रश्न

रोगाचे मूळ आनुवंशिक प्रवृत्तीत असले, तरी तो कोणत्या क्षणी आणि कोणत्या सांध्यात उसळेल यात शरीरावरील ताणाचा वाटा असावा, असे दिसते. त्वचेला जिथे खरचटते तिथे सोरायसिसची नवी चकती उठते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सांध्यांच्या बाबतीतही तसेच काही घडत असावे. टोरंटो येथील २०११ च्या एका तुलनात्मक अभ्यासात सतत जड ओझी उचलण्याचे काम करणाऱ्या सोरायसिसग्रस्तांत संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासात हाडांना किंवा सांध्यांना इजा झालेल्यांतही हा धोका वाढलेला दिसला.

याचा अर्थ कष्टाने हा रोग होतो, असा मुळीच नाही. पण ज्याला सोरायसिस आहे आणि ज्याचा दिवस कात्री, कुदळ, क्रेट किंवा यंत्राच्या दांड्यावर जातो, त्याने सुजलेल्या सांध्याकडे कामाचा शीण म्हणून पाहू नये, एवढे त्यातून निश्चित निघते. बागेत राबणारा शेतकरी, पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणारा मजूर, लासलगावच्या बाजार समितीतील हमाल, सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कामगार या सर्वांचे पोट हातांवर चालते. त्यांच्या बाबतीत बोटाच्या एका सांध्याचे वाकणे हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही.

निदान का लांबते?

या रोगासाठी रक्ताची एकच एक चाचणी उपलब्ध नाही. आमवातात जो र्‍हुमॅटॉइड फॅक्टर तपासला जातो, तो येथे बहुधा नसतोच. शरीरातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्याही जवळपास निम्म्या रुग्णांत सर्वसाधारण येऊ शकतात. रक्त तपासले, काही निघाले नाही, म्हणजे वाताचे काही नाही, असा समज करून घेऊन रुग्ण घरी परततो. प्रत्यक्षात निदानाचा मोठा आधार रुग्णाची हकीकत आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी हाच असतो. २००६ मध्ये निश्चित झालेल्या कॅस्पर या आंतरराष्ट्रीय निकषांतही सोरायसिसचा इतिहास, घराण्यातील सोरायसिस, नखांतील बदल आणि फुगलेले बोट यांना गुण दिलेले आहेत; र्‍हुमॅटॉइड फॅक्टर नसणे हीदेखील त्यात निदानाच्या बाजूची गोष्ट धरली जाते.

दुसरे कारण म्हणजे सांधेदुखी अतिशय सार्वत्रिक आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघरी जाऊन पाहणी केली. कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. त्यात चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू, हाडे वा सांध्यांची तक्रार असल्याचे दिसले. यांतील बहुतेक दुखणी झीज, श्रम आणि मऊ भागांच्या ताणामुळे होणारी होती. दर पाच-सहा माणसांमागे एकाचे काही ना काही दुखत असेल, तर त्या गर्दीत खरा दाहजन्य संधिवात सहज दडून राहतो.

त्यात साथींची भर पडते. २००६ मध्ये नाशिक जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात चिकुनगुन्याची साथ आली आणि ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने सांधे धरलेले लोक गावोगावी दिसू लागले. तेव्हापासून कोणत्याही सांधेदुखीला चिकुनगुन्या म्हणण्याची सवयच पडली. अंगठ्याजवळ सूज आली तर यूरिक अॅसिड, टाच दुखली तर हाड वाढले, कंबर धरली तर मणका सरकला, अशी आणखी काही तयार उत्तरेही आहेत. त्यांतील एखादे खरे असूही शकते. मात्र सोरायसिस असलेल्या माणसाच्या बाबतीत ती गृहीत धरू नयेत.

दाहजन्य दुखणे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. झिजेचे दुखणे काम केल्यावर वाढते आणि विश्रांतीने कमी होते. दाहाचे दुखणे नेमके याउलट वागते. रात्रीच्या विश्रांतीनंतर सकाळी सांधे आखडलेले असतात, मूठ मिटत नाही, चहाचा कप नीट धरता येत नाही. अर्ध्या तासाने किंवा त्याहून उशिरा हालचाल मोकळी होऊ लागते. पहाटेच्या थंडीमुळे असे होते, असे समजून निफाडच्या कडाक्याच्या थंडीला दोष दिला जातो. थंडीने आखडलेपण जाणवते हे खरे, पण उन्हाळ्यातही ते टिकून असेल तर थंडीचे कारण पुरे पडत नाही.

दीर्घ पाहण्या काय सांगतात?

एकेकाळी हा संधिवात सौम्य समजला जाई. लीड्सचे मोल आणि राइट यांनी १९७३ मध्ये त्याचे पाच प्रकार वर्णिले. मोजक्या सांध्यांचा, अनेक सांध्यांचा, केवळ शेवटच्या पेरांचा, मणक्याचा आणि हाडे विरघळवून बोटे आखूड करणारा विद्रूपकारी, असे ते प्रकार. यांतील शेवटचा क्वचित आढळतो, पहिला सर्वाधिक दिसतो. म्हणून एकंदर रोग फारसा घातक नाही असे मानले गेले. टोरंटो येथे १९७८ पासून डॉ. डॅफ्ना ग्लॅडमन यांच्या दवाखान्यात एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, तेव्हा हे चित्र बदलले. मोजक्या सांध्यांपासून सुरू झालेला रोग वर्षे लोटली की अनेकांत पसरत जातो आणि हे प्रकार म्हणजे कायमचे कप्पे नव्हेत, हे ध्यानात आले.

आरंभीच्या रोगाची सर्वांत लक्षात राहणारी पाहणी डब्लिनची आहे. तेथील सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात नुकताच रोग सुरू झालेल्या १२९ रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या तपासणीच्या वेळी २७ टक्के रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत हाड कुरतडले गेल्याच्या खुणा होत्या. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ४७ टक्क्यांवर पोहोचले. निम्म्याहून अधिक रुग्ण तोवर रोग रोखणारी औषधे घेत होते आणि अनेकांना बरेही वाटत होते. तरीही हाडांची हानी होतच राहिली.

या पाहणीचा धडा हा की, वेदना आणि हानी यांचा प्रवास बरोबरीने होत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, सूज काही काळ उतरते, पण आतील दाह चालू असेल तर हाडाचे नुकसान थांबत नाही. रुग्ण मात्र वेदनेवरूनच रोग मोजतो. दुखेनासे झाले की तो बरा झालो असे मानतो.

उशिराची किंमत किती, याचेही उत्तर डब्लिनच्याच डॉक्टरांनी २०१५ मध्ये दिले. २८३ रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञांपर्यंत पोहोचण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागलेल्यांत हाडांची हानी, सांध्यांचे व्यंग आणि दैनंदिन कामांतील असमर्थता ही सारी अधिक आढळली. औषधांशिवाय रोग शांत राहण्याचे भाग्यही त्यांच्या वाट्याला कमी आले. टोरंटोच्या एक हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदीतही, दोन वर्षांच्या आत आलेल्यांच्या तुलनेत उशिरा आलेल्यांत सांध्यांची हानी पुढे अधिक वेगाने वाढल्याचे २०११ मध्ये दिसून आले.

स्वीडनमधील पाहणीने आशेची बाजूही दाखवली. तेथे लक्षणे सुरू होऊन दोन वर्षे झाली नव्हती अशा रुग्णांची नोंद करून पाच वर्षांनी त्यांना पुन्हा तपासण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, ज्यांचा आजार उपचारापूर्वी थोडाच काळ चालला होता आणि ज्यांची कामाची क्षमता शाबूत होती, ते पाच वर्षांनीही चांगल्या स्थितीत होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांची अवस्था मात्र एकंदरीने अधिक बिकट राहिली. आपल्याकडे घरातील बाईने स्वत:चे दुखणे शेवटी सांगायचे, ही रीत असल्याने या निष्कर्षाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

या सर्व पाहण्या एकत्र वाचल्या, तर कोणाचा रोग वेगाने वाढेल याचे ढोबळ चित्र मिळते. सुरुवातीलाच पाच किंवा अधिक सांधे सुजलेले असणे, संपूर्ण बोटे फुगणे, रक्तातील दाहाचे प्रमाण जास्त असणे, पहिल्याच क्ष-किरण चित्रात हानी दिसणे आणि नखे बिघडणे या धोक्याच्या खुणा आहेत. अशा रुग्णांत थांबून पाहण्याचे धोरण महाग पडते.

हाड कुरतडतेही, वाढतेही

उपचाराविना राहिलेल्या सांध्यात दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम घडतात. एकीकडे हाडाच्या कडा कुरतडल्या जातात, तर दुसरीकडे त्याच हाडाच्या शेजारी नवे, अनावश्यक हाड तयार होऊ लागते. शेवटच्या टप्प्यात एका हाडाचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते होते आणि समोरचे हाड वाटीसारखे पसरते. ही अवस्था आल्यावर कोणतेही औषध सांधा पूर्वीसारखा करू शकत नाही. मणक्यात असेच नवे हाड वाढून मणके एकमेकांना जखडले जातात आणि पाठ ताठ होते. चाळिशीच्या आत सुरू झालेली, रात्री जाग आणणारी आणि हालचालीने हलकी होणारी कंबरदुखी म्हणूनच दुर्लक्षू नये.

हा दाह सांध्यांपुरताच राहत नाही. डोळा अचानक लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे हे डोळ्याच्या आतील दाहाचे लक्षण असू शकते. लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचे प्रमाणही या रुग्णांत सर्वसामान्यांपेक्षा अधिक असते. कातडीवरील डाग आणि वाकलेली बोटे यांमुळे येणारी खिन्नता हीसुद्धा रोगाचाच भाग समजून तिची विचारपूस व्हायला हवी.

उपचार : ध्येय ठरवून चालणे

सौम्य रोगात वेदनाशामक आणि दाहरोधक गोळ्या, सांध्यात दिलेले इंजेक्शन आणि व्यायाम यांवर भागू शकते. रोग अधिक असेल तर मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझीन, लेफ्लुनोमाइड यांसारखी औषधे दिली जातात. यांत मेथोट्रेक्सेट सर्वाधिक वापरले जाते, कारण ते त्वचा आणि सांधे या दोहोंवर काम करते आणि परवडतेही. त्याबाबत एक गोष्ट घरातील प्रत्येकाने पाठ करावी. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजची गोळी समजून ते दररोज घेतले गेल्याने जगभर रुग्ण दगावलेले आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घेणे, सोबत दिलेले फॉलिक अॅसिड चुकवू नये, यकृत आणि रक्तपेशींची तपासणी ठरावीक काळाने करणे आणि मद्य टाळणे ही पथ्ये अनिवार्य होत. गर्भधारणेचा विचार असल्यास ते काही महिने आधी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करावे लागते.

या औषधांनी रोग आटोक्यात न आल्यास जैविक औषधांचा विचार होतो. दाह पेटता ठेवणाऱ्या टीएनएफ, आयएल-१७ अशा विशिष्ट रेणूंना ती अडवतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत इटानरसेप्ट हे जैविक औषध मेथोट्रेक्सेटपेक्षा अधिक प्रभावी ठरले आणि हाडांची हानीही त्याने अधिक रोखली. त्यांच्या किमती हाच मोठा अडसर होता. २०१४ च्या अखेरीस झायडस कॅडिला या भारतीय कंपनीने अॅडॅलिम्युमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली आणि त्यानंतर अशी आणखी औषधे येत गेली. तरीही सामान्य कुटुंबाला हा खर्च आजही जड जातो. शिवाय क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ही औषधे सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षयरोगाची चाचणी करणे अत्यावश्यक असते.

औषधाइतकेच महत्त्व पाठपुराव्याला आहे. ब्रिटनमधील टिकोपा या चाचणीत २०६ नव्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला दर चार आठवड्यांनी तपासून ठरवलेले ध्येय गाठेपर्यंत औषध वाढवत नेले, तर दुसऱ्याला नेहमीप्रमाणे दर बारा आठवड्यांनी पाहिले. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत ४८ आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ६२ टक्के रुग्णांत ठरावीक सुधारणा झाली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होते. काटेकोर गटात औषधांचे दुष्परिणामही अधिक दिसले आणि तेवढ्या काळात क्ष-किरण चित्रांत दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण रुग्णाला बरे वाटणे आणि हातपाय चालणे या कसोटीवर नियमित तपासणीचा लाभ स्पष्ट होता.

रोग शांत झाल्यावर औषध सोडावे काय, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. जर्मनीतील एर्लांगेन येथे सहा महिने पूर्ण शांत असलेल्या २६ रुग्णांची औषधे थांबवून पाहण्यात आली. सहा महिन्यांत त्यांपैकी २० जणांचा रोग पुन्हा उसळला. म्हणून औषध कमी करायचे तर ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

अडाणीपणाने नव्हे, तर अगतिकतेने अनेकजण कोणी सांगितलेल्या पुड्या, बिननावाच्या गोळ्या घेतात. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. पोटातून घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद केल्यास सोरायसिस भयंकर स्वरूपात उसळू शकतो. कोणत्याही पॅथीचे औषध चालू असले, तरी त्याचे नाव आणि घटक सर्व डॉक्टरांना सांगावेत आणि सांध्यांची तपासणी थांबवू नये.

पाच प्रश्न

सोरायसिसच्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये २००९ मध्ये पाच प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली तयार झाली. सोरायसिस असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा स्वत:ला हे प्रश्न विचारावेत.

१. कधी एखादा सांधा सुजला होता काय?
२. संधिवात असल्याचे कधी डॉक्टरांनी सांगितले आहे काय?
३. हाताच्या किंवा पायाच्या नखांवर खळगे वा छिद्रे आहेत काय?
४. टाच दुखली आहे काय?
५. काही कारण नसताना हाताचे वा पायाचे एखादे बोट संपूर्ण सुजून दुखले आहे काय?

तीन किंवा अधिक प्रश्नांची उत्तरे 'होय' असल्यास संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. या प्रश्नांनी निदान होत नाही. पण कोणत्या दारात जायचे हे कळते.

तज्ज्ञांकडे जाताना काही तयारी उपयोगी पडते. सूज येते आणि जाते, त्यामुळे नेमक्या भेटीच्या दिवशी बोट बरे दिसू शकते. सुजलेल्या दिवशी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. सकाळी आखडलेपण किती वेळ टिकते, ते आठवडाभर लिहून ठेवावे. आधीची क्ष-किरण चित्रे टाकून देऊ नयेत, कारण हानी वाढते आहे की थांबली आहे हे जुन्या-नव्या चित्रांच्या तुलनेतूनच समजते. घरात कोणाला सोरायसिस असल्यास तेही सांगावे. पुष्कळ कुटुंबांत ही गोष्ट लग्न जमण्याच्या भीतीने लपवली जाते आणि निदानाचा एक धागा तुटतो.

वजन आटोक्यात ठेवणे हाही उपचारच आहे. स्थूल रुग्णांनी वजन पाच टक्के वा अधिक घटवल्यास औषधांचा गुण अधिक येतो, असे इटलीतील अभ्यासात २०१४ मध्ये दिसले. तंबाखू आणि धूम्रपान सोडणे, सांधे हलते ठेवणारा हलका व्यायाम रोज करणे, हिवाळ्यात अंघोळीनंतर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून त्वचा मऊ ठेवणे हे सर्वांना जमण्यासारखे आहे. काम सोडण्याची गरज बहुधा पडत नाही. पण हलकी, स्प्रिंग असलेली कात्री वापरणे, मूठ जाड करून घेणे, हातमोजे घालणे आणि तासातासाने बोटांना विसावा देणे यांमुळे सांध्यांवरील ताण हलका होतो.

एका छताखाली

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. राज्यभरात डॉक्टर घडवणाऱ्या या शहराला एका गोष्टीचा पायंडा पाडणे सहज शक्य आहे. त्वचेच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या प्रत्येक सोरायसिसग्रस्ताला वरील पाच प्रश्न विचारले जावेत आणि सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णाची कोपरे, डोके आणि नखे पाहिली जावीत. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, दोन मिनिटे पुरतात. त्वचा आणि सांधे या दोहोंचे तज्ज्ञ एका दिवशी एकत्र बसून रुग्ण तपासतात, असे दवाखाने अनेक देशांत चालतात. आठवड्यातून एक दिवस जरी असे झाले, तरी सुरगाणा किंवा नांदगावहून एसटीने येणाऱ्या माणसाच्या तीन खेपांची एक खेप होईल.

द्राक्षाच्या वेलीवर डाऊनीचा पहिला ठिपका दिसताच शेतकरी त्याच दिवशी फवारणी करतो. घड काळे पडण्याची वाट पाहत नाही. पाने बोलत नाहीत, म्हणून तो रोज पानांकडे पाहतो. स्वत:च्या नखांवरील खळगे आणि सकाळी न मिटणारी मूठ यांच्याकडेही त्याने त्याच नजरेने पाहिले, तर पुढच्या वीस छाटण्या त्याच हातांनी होतील.